शेजारचा साचा

पाण्याचा पेला धाकूने डाव्या हाताने पुन्हा ढकलला. निम्मं पाणी गोधडीवर सांडलं. सगुणाने पेला खाली ठेवला आणि पदराने त्याची हनुवटी पुसली.

"मग काय पाहिजे? अहो, मला कळू द्या ना!"

धाकूने परत तेच केलं. आधी छातीवर अंगठा टेकला. मग पंजा आडवा धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवला. मग तिच्याकडे बोट केलं आणि शेवटी अंगठा खांद्यावरून मागे टाकला. एवढं करून तो तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हाताकडे बघतो म्हणून तर ती दर वेळी हातात काहीतरी घेऊन येत होती.

आज आठवा दिवस. उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही गेली. समज शाबूत आहे, बोलत राहा, असं डॉक्टर सांगून गेले होते. बोलायला सगुणा कुठे कमी पडत होती! ठाण्याच्या त्या चाळीत तिच्याइतकं बोलणारं कोणी नव्हतं आणि धाकूइतकं गप्पही कोणी नव्हतं. तेवीस वर्षं संसार झाला तो तिच्या बोलण्यावर आणि त्याच्या हुंकारावर. आता एकदाचं त्याला काही सांगायचं होतं, तर तिला ओ की ठो कळत नव्हतं.

तिने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. छाती दाखवतो म्हणून छाती शेकली. मागे दाखवतो म्हणून उशामागचा देव्हारा उचलून समोर मांडला. हात पाळण्यासारखा हलवतो म्हणून निरोप धाडून लेकीला, जयाला, शहाडहून तान्ह्या लेकरासकट बोलावून घेतलं. नातवाला कुशीशी ठेवलं तेव्हा धाकूने त्याच्या पायांवरून हात फिरवला आणि मग तीच खूण केली. तेव्हा मात्र सगुणा मोरीत जाऊन हमसून हमसून रडली.

"आई, गिरणीतलं काहीतरी असेल," जाताना जया म्हणाली. "महिपतकाकांना बोलावून बघ."

महिपत दुपारी पाळी सुटल्यावर थेट आला. डोक्यावर कापसाचं तूस तसंच होतं. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्याला आणि धाकूला शेजारशेजारचे साचे मिळाले होते. गिरणीत मागाला साचाच म्हणतात. नऊ वर्षं दोघं एकमेकांच्या बाजूला उभं राहून कापड विणत होते. तिथल्या खडखडाटात कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातांनीच बोलतात, एवढं सगुणाला ऐकून माहीत होतं. घरी आल्यावर ते बोलणं कोण कशाला काढणार?

महिपतला पाहून धाकूचे डोळे हलले. त्याने खूण केली, पण बोट केलं ते सगुणाकडेच. महिपतचा उजवा हात आपसूक वर जाऊ लागला. खांद्यापर्यंत गेला आणि चटका बसल्यासारखा त्याने तो खाली ओढला.

"तुम्हाला कळलं," सगुणा म्हणाली.

"नाय वैनी. असंच कायतरी करतोय तो."

"भावजी, आठ दिवस मी ह्यांच्यासमोर बहिऱ्यासारखी बसलेय. तुम्हाला कळलंय आणि तुम्ही सांगत नाही? पाया पडते तुमच्या."

ती खरोखरच वाकली, तसा महिपत मागे सरला. त्याने तिला बाहेर गॅलरीत नेलं.

"आमच्या खात्यातली खूण हाय ती. रोज धा वेळा करतो आम्ही. माझा साचा बघ, मी जातो."

सगुणाने कठडा धरला. खाली नळावर कोणीतरी हंडा घासत होतं.

"तो हात हलवतात, ते?"

"तो धोटा, साच्यात सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो. साचा चालू हाय, लक्ष ठेव."

"आणि तुमचा हात वर जात होता?"

"शेजारच्यानं हात वर करायचा. म्हंजे जा, मी हाय. तो हात बघितल्याबिगर साचा सोडायचा नाय. बाकीचे सोडतात. धाकू नाय सोडत. एकदा त्याचं पोट बिघडलेलं, नुसता घामाघूम झालेला. माझं लक्षच नव्हतं, तर गडी तसाच उभा. माझा हात वर बघितला तेव्हा पळाला." सांगताना त्याला हसू फुटलं आणि हसतानाच डोळे भरून आले. "माझ्याकडं बोट नाय केलं त्यानं, वैनी. तुमच्याकडं केलं."

चहा नको म्हणून तो निघून गेला.

सगुणा आत आली. एकदा कळू दे, एवढंच तिने आठ दिवस देवाकडे मागितलं होतं. आता कळलेलं परत करता आलं असतं, तर तिने त्याच देव्हाऱ्यासमोर ठेवून दिलं असतं. धाकूचे गाल आत गेले होते. सकाळची पेज ओठाच्या कोपऱ्यात वाळली होती. तो फार थकला होता, आणि ते बघायला कुठलीच खूण लागत नव्हती.

ती त्याच्या समोर बसली. धाकूने छातीवर अंगठा टेकला. पंजा आडवा हलवला, या वेळी जरा हळू. बोट तिच्याकडे केलं. अंगठा खांद्यावरून मागे टाकला. आणि तिच्या हाताकडे बघत राहिला.

सगुणाने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली.

"पाणी पाहिजे का?" तिने विचारलं.