ताब्याचा अर्ज

"मग मुलगी आम्हीच नेतो," वोराबेन म्हणाल्या आणि त्यांनी ताब्याचा अर्ज जल्पासमोर सरकवला.

भावनगरच्या कोर्टातली वकिलांची खोली. जल्पा आणि विरलचा घटस्फोट मागेच झाला होता, राहिली होती ती मुलीची पोटगी. वोराबेन विरलच्या वकील. विरलला मुलगी नको आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्ज केला तो जल्पाने घाबरून जावं, भीक नको पण कुत्रा आवर म्हणत पोटगीचा दावा सोडून द्यावा, एवढ्यासाठी. हा त्या खोलीतला रोजचाच धंदा. भल्या भल्या बायका इथे येऊन मोडतात, डोळ्याला पदर लावतात आणि म्हणाल तिथे सही करतात. वोराबेननी पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं.

पण जल्पाचे वकील होते ओझासाहेब. वाळू रगडून तेल काढणारा माणूस. आदल्या दिवशीच त्यांनी तिला सगळं पढवलं होतं. मुलीला सोबत आणायचं, तिच्या कपड्यांची बॅग भरून आणायची, आणि मुलीला मात्र अवाक्षर सांगायचं नाही. पोरांना नाटक जमत नाही बेन, तिचा चेहरा खराच दिसला पाहिजे, म्हणाले. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, असं जल्पा म्हणाली, तर ते शांतपणे म्हणाले, मग साडीच्या दुकानातल्या पगारात पोरीला शिकवून दाखवा.

आता जल्पाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने बॅग उचलून टेबलावर ठेवली.

"न्या. आजच न्या. मीही सुटेन एकदाची."

दाराजवळच्या बाकावर आठ वर्षांची ध्वनि गाठिये खात बसली होती. तिचा हात पुडीतच राहिला.

वोराबेन विरलकडे बघायला लागल्या. विरल बॅगेकडे. देवदिवाळीनंतर त्याचं दुसरं लग्न होतं.

"मी कुठे ठेवू तिला?" तो म्हणाला. "त्या लोकांना ती आहे हेच माहीत नाही."

हे तो हळू बोलला, पण खोली लहान होती. ओझासाहेबांनी त्याला दुसरा श्वास घेऊ दिला नाही. अर्ज मागे, पोटगी जल्पाने मागितली तेवढी आणि शाळेची फी वेगळी, असं सगळं त्यांनी तिथेच लिहून काढलं. विरलने न वाचता सही केली आणि मुलीच्या समोरून, तिच्याकडे न बघता, निघून गेला. एवढं झाल्यावर त्या दोन वकिलांना निदान थोडी लाज वाटायला हवी होती. पण वोराबेन हसत म्हणाल्या, तुम्ही तर आमचाच काटा आम्हाला टोचलात, साहेब. ओझासाहेबांनी चहा मागवला.

जल्पा धावतच बाकाकडे गेली. मुलीच्या पुढ्यात बसली, तिचे दोन्ही हात धरले. सांगत राहिली, की ते सगळं खोटं होतं, साहेबांनी बोलायला लावलं म्हणून बोलले, तुला मी कधी देईन का कुणाला, वेडाबाई.

ध्वनिने सगळं नीट ऐकून घेतलं. मानही हलवली. तेलकट बोटं फ्रॉकला पुसली.

"पण मम्मी, पप्पा हो म्हणाले असते तर?"

जल्पाने वळून ओझासाहेबांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतून फुंकर घालत होते.