सगळ्यात जड गोळी

अमेरिकेत शिकणाऱ्या अनघाचा मेसेज आला, "बाबा, पहिल्यांदाच शिकारीला चाललेय. एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण. ठासणीची बंदूक आहे. फोटोतल्या या तिन्हींपैकी कुठली गोळी घेऊ? तू मेकॅनिकल इंजिनिअर ना!"

जन्मात छऱ्याची बंदूकही न धरलेल्या चंद्रशेखरनं सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या तिच्या राज्याची शिकारीची नियमावली तीनदा वाचली. प्लास्टिकच्या वेष्टणातली गोळी नियमानं बाद झाली. उरलेल्या दोन्ही, एक हलकी नि एक जड, चालणार होत्या, तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. डबा तसाच राहिला. घरी परतताना मेट्रोत फोनवर वाचता वाचता उतरायचं जुरोंग ईस्ट स्टेशन कधी मागे पडलं, कळलंच नाही. पुढच्या स्टेशनवर उतरून त्यानं तिथूनच तिला फोन लावला.

"अनू, जड आहे ती घे."

"अरे, हलकी पुरते म्हणतात सगळे. एल्कला एवढी जड कशाला?"

"एल्कला नाही गं. त्या जंगलात अस्वलं आहेत, आणि तुझ्या बंदुकीत एका वेळी एकच गोळी मावते."