घासलेले खेकडे

डाव्या टाक्यात दोनच खेकडे उरले होते. सुरभीने दगड उचलून पाहिले, कोपरे चाचपले. मागच्या रविवारी दहा सोडले होते. उजव्या टाक्यातले दहाच्या दहा मात्र जागेवर, पाठीवर हिरवं शेवाळ मिरवत आरामात बसलेले.

सुरभीचा एम.एस्सी.चा प्रकल्पच या शेवाळावर होता. खेकड्याच्या पाठीवर शेवाळ आणि बारीकसारीक जीव बिऱ्हाड करतात. त्या बिऱ्हाडाचा खेकड्याला जाच होतो की आधार? डाव्या टाक्यातले दहा तिने दात घासायच्या ब्रशने लख्ख घासून सोडले होते, उजव्यातले जसेच्या तसे. पाणी तेच, धाम नदीतले हिरवे दगडही तेच. घासलेले जास्त तगतील, असं तिने सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. परवा अहवाल द्यायचा, आणि आता हे.

टाकी पवनारला, भागीरथाबाईंच्या अंगणात. बाई नदीतले खेकडे धरून बाजारात विकायच्या. गिऱ्हाइकाला लख्ख पाठीचाच खेकडा लागतो, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. आणि नेमके लख्ख तेवढेच गायब! सुरभीच्या मनात नको ते आलं. ती तरातरा छपरीकडे गेली. बाई कमरेपर्यंत ओल्या, सुरभीचाच ब्रश घेऊन बादलीतले खेकडे घासत बसलेल्या. आता आणखी पुरावा कुठला हवा?

"मावशी, बाजारात नेता का हे?" तिने थेट विचारलं.

बाई ओशाळल्या. "बाजारात काऊन नेऊ व? तुह्यासाठीच धरून आणले. टाक्यातले रोज कमी होऊन राह्यले. तुले काय तोंड दाखवू, म्हणून..."

तेवढ्यात दोन टाक्यांमधल्या भिंतीवर बगळा उतरला. दोघी छपरीतच थबकल्या. बगळ्याने उजव्या टाक्यात मान घातली, तिरपी केली, पुन्हा घातली. हिरव्या दगडांत हिरवे खेकडे; त्याला एकही दिसेना. मग तो डावीकडे वळला. एकच टोच, आणि चकचकीत खेकडा चोचीत धरून उडाला.

सुरभी हसायलाच लागली. केवढं ओझं उतरलं! मावशी चोर नव्हत्या. प्रकल्पही बुडाला नव्हता, फक्त उत्तर उलटं निघालं होतं. शेवाळ म्हणजे खेकड्यांचं पांघरूण, आणि ते तिनेच घासून काढलं होतं. तिने घाईघाईने वही उघडली.

"काय लिहून राह्यली व?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"घासलेल्या दहांतला एकच वाचला, मावशी."

"तो कायचा वाचते! तोबी म्या कालच नदीतून आणून टाकला."