न धुतलेलं

विश्वंभर मोहिते दिवाणखान्यात पालथे पडून सोफ्याखाली बघत होते. डोळे हळूहळू मिटत होते, हळूहळू उघडत होते. सोफ्याखालून चिवडा त्यांच्याकडे बघत होता. तो पापणीही हलवत नव्हता.

"डोळ्यांत काही गेलंय का?" शालिनीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय. असं केलं की मांजराला कळतं, हा माणूस धोक्याचा नाही."

"माझ्याकडे बघून कधी केलं नाहीत ते."

"तुला ते आधीच कळलं होतं."

चिवडा हा रसिकाचा बोका. रसिका त्यांची एकुलती एक मुलगी. त्याच शहरात, अलकापुरीत मैत्रिणीबरोबर भाड्याने राहायची. ती गेली. महिन्याभराने मैत्रिणीने जागा सोडली, आणि परवा चिवडा एका टोपलीतून कारेलीबागेत, तिच्या आईवडिलांकडे आला. आल्या आल्या सोफ्याखाली शिरला तो शिरलाच. विश्वंभरांनी जन्मात मांजर पाळलं नव्हतं. त्यांनी दुधाची बशी सरकवली, मग पाय धरून त्याला ओढून बघितलं. मनगटावरचे ओरखडे अजून ओले होते. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

"अंकल, खेंचता नका एने," तरुण गुजराती डॉक्टर म्हणाले होते. "दूध पण नको. जमिनीवर बसा, त्याच्या उंचीचे व्हा. आणि रसिकाबेनचं एखादं कापड ठेवा त्याच्या पासे. धुतलेलं नाही हं, वास पाहिजे. उद्यापर्यंत नाही खाल्लं तर घेऊन या. उपाशी मांजराचं लिव्हर जातं."

रिफायनरीच्या सुरक्षा विभागात जन्म गेल्यामुळे सूचना शब्दशः पाळणं विश्वंभरांच्या अंगात मुरलं होतं. सगळं पाळलं. कापडापाशी येऊन अडलं.

सुतक फिटलं त्या दिवशी पादरा गावच्या वहिनी पदर खोचून आल्या होत्या. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, रसिकाच्या कपाटातल्या, अलकापुरीहून आणलेल्या घड्यासुद्धा त्यांनी मोडून बाहेर काढल्या. हाताला काम मिळालं म्हणून मशीन विश्वंभरांनीच लावलं होतं, एकावर एक. पावडर संपली तेव्हा स्वतः दुकानात जाऊन घेऊन आले. घर इतकं स्वच्छ कधीच झालं नव्हतं. रसिका त्यात कुठेच उरली नव्हती.

तरी त्यांनी तिचा पिवळा कुर्ता आत सरकवला. चिवड्याने हुंगला, शिंकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"लिंबाचा वास येतोय त्याला," विश्वंभर म्हणाले. "न धुतलेलं काही नाहीच आपल्याकडे. मीच धुतलं सगळं."

शालिनीने गॅस बंद केला, आत गेली. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंडाला दोन गाठी मारलेली. आत नारिंगी बांधणीची चुरगळलेली ओढणी.

"मशीनमधून काढून घेतली होती," ती म्हणाली. "तुम्ही पावडर आणायला गेला होतात तेव्हा."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्हीही उघडली असती." तिने गाठ चाचपली. "उघडली की कमी होतो."

काय कमी होतो, हे विश्वंभरांनी विचारलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठून बसले.

"राहू दे. उद्या नेऊ त्याला. सलाइन लावतील, नळीने भरवतील."

"तो तिला शोधतोय हो." शालिनी गाठीला नख लावत होती. "आपल्याला निदान कुणीतरी येऊन सांगितलं. त्याला कोण सांगणार?"

पहिली गाठ सुटली. दुसरीला वेळ लागला. शालिनीने ओढणी काढली, नाकाशी नेली नाही, तशीच सोफ्याखाली ढकलली आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. मग सोफ्याखालून घरघर ऐकू आली. विश्वंभर पुन्हा पालथे झाले. चिवडा ओढणीवर उभा राहून दोन्ही पुढचे पाय आळीपाळीने दाबत होता, कणीक तिंबावी तसे. बांधणीचे धागे नखांना अडकून निघत होते, त्यावर त्याचे केस चिकटत होते. थोड्या वेळाने शेजारच्या वाटीतले मांजराच्या खाण्याचे कोरडे दाणे कुरकुर वाजायला लागले.

"खातोय?" शालिनीने विचारलं.

"खातोय."

"ओढणीचं काय केलं?"

"त्याची झाली आता."

शालिनीने मान हलवली. जमिनीवर पडलेली रिकामी पिशवी तिने उचलली, तळव्याने सरळ केली. तोंड चिमटीत धरून एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी, आणि आत नेऊन कपाटात होती तिथे ठेवली.