ड जहाजाचे गुण

तिघांनीही सर्वाधिक गुण ड जहाजाला दिले होते.

ड हे चारांतले सर्वांत जुने आणि सर्वांत संथ जहाज. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या नव्हत्या, नाचघर रात्री नऊला बंद होई आणि प्रवाशांचे सरासरी वय सदुसष्ट होते. दुपारचा मुख्य कार्यक्रम विणकाम. गुण देणाऱ्यांपैकी मुलगा चोवीस वर्षांचा होता, मुलगी एकवीस. आई त्रेपन्न वर्षांची होती, पण तिला विणकाम येत नव्हते.

जेवणाच्या टेबलाशी बसून वडिलांनी चष्मा पुसला आणि बेरीज पुन्हा केली. बेरीज तीच आली.

दुकानांतले आणि दवाखान्यांतले वजनकाटे तपासण्याचे काम वडील एकतीस वर्षे करीत होते. सहलीचे जहाजही त्याच शिस्तीने निवडावे, असे त्यांचे मत होते. नावांमुळे पूर्वग्रह होतो म्हणून माहितीपत्रकांतून त्यांनी जहाजांची नावे कापून टाकली होती आणि त्यांना अक्षरे दिली होती. किमती झाकल्या होत्या. नऊ पाने माहिती, सतरा निकष, प्रत्येक निकषाला दहापैकी गुण. मुलगी दोन महिन्यांनी शिक्षणासाठी परदेशी जाणार होती. मुलगा आधीच दुसऱ्या शहरात नोकरीला होता. यापुढे चौघे सलग आठ दिवस एकत्र केव्हा असतील, याविषयी वडिलांकडे कोणतीही विश्वसनीय माहिती नव्हती. म्हणून जहाज मुलांच्या वयाला साजेसे हवे होते. या वेळी मुले कंटाळली, तर पुढच्या वेळी येणार नाहीत. एवढे अनुमान त्यांना उपकरणाशिवाय करता येत होते.

"तुम्ही आपसांत ठरवलंत?" त्यांनी विचारले.

"बाबा, तुम्ही आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं होतं," मुलगी म्हणाली. "आईला तर स्वयंपाकघरात, दार लावून. आमच्या परीक्षेलासुद्धा एवढा बंदोबस्त नसतो."

"मग ड का?"

"शांत आहे," मुलगा छताकडे पाहत म्हणाला. त्याच्या एका कानात इअरफोन होता आणि त्यातले ड्रमचे ठोके टेबलाशी बसलेल्या चौघांनाही ऐकू येत होते.

वडिलांनी हे उत्तर नोंदवले, पण स्वीकारले नाही. सांगितलेले कारण आणि खरे कारण यांत अंतर असते, हे त्यांना आजवर कित्येक दुकानदारांनी शिकवले होते. त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायचे ठरवले.

"ड वरचा पोहण्याचा तलाव बंद आहे असं समजा. गुण बदलायचे असतील तर बदला."

कुणीही पेन उचलले नाही.

"जेवण दोनच वेळा मिळेल."

मुलाने क्षणभर विचार केला. पेन जागेवरच राहिले.

"इंटरनेट नाही."

मुलीने डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "चालेल."

वडील आता खरोखर अस्वस्थ झाले. पाने उलटत ते सातव्या पानाच्या तळटीपेशी येऊन थांबले. अ, ब आणि क वर चौघांना मिळून एक केबिन मिळत होती, आणि तीच घ्यायची असे त्यांनी मनाशी पक्के केले होते. ड वर मात्र एकट्याने फिरणाऱ्या वृद्धांसाठी एकेरी केबिनी होत्या. ही माहिती त्यांनी केवळ परिपूर्णतेसाठी दिली होती.

"समजा, एकेरी केबिनी संपल्या."

तीन पेने उचलली गेली. आईचे सर्वांत आधी.

वडील तिच्याकडे वळले.

"अहो, मागच्या सहलीला होतो ना आपण सगळे एका खोलीत," आई म्हणाली. "पहाटे पाचला दिवा लावून तुम्ही खोलीचं तापमान मोठ्यानं वाचून दाखवलंत. चारही दिवस."

"ते रोज वेगळं होतं."

"आणि माझ्या अंघोळीला घड्याळ लावलंत," मुलगी म्हणाली. "अकरा मिनिटं चाळीस सेकंद. मामाला फोन करून सांगितलंत!"

"सरासरी सांगितली होती."

मुलाने इअरफोन काढला. "बाबा, तुम्ही हवे आहात आम्हाला. पण नाश्त्यानंतर."

एकतीस वर्षांत वडिलांनी शेकडो काट्यांमधला दोष शोधून काढला होता. त्यांपैकी एकाही काट्याने त्यांच्याकडे असे पाहिले नव्हते. त्यांनी कागद गोळा करायला घेतले.

"थांबा, तो शेवटचा रकाना वाचलात का?" आईने विचारले.

शेवटचा रकाना 'मुळीच न जाणे' या पर्यायाचा होता. यादी पूर्ण असावी म्हणून वडिलांनी तो घातला होता आणि बेरीज करताना वगळला होता. तिथे आईने शून्य दिले होते. मुलानेही शून्य. मुलीने उणे दहा.

उणे गुण नियमात बसत नव्हते. वडिलांनी ते खोडले नाहीत. ड समोर त्यांनी 'चार एकेरी केबिनी' असे लिहिले. मग शेऱ्याच्या जागी नेहमीच्या सुवाच्य अक्षरात नोंद केली:

'कारण: सहल एकत्र सर्वांना हवी आहे. खोली एकत्र फक्त मला हवी आहे.'