आकड्याचं शेपूट

जपानच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत हे नागानोतून पडले. सकाळच्या पेपरात सासूबाई चष्मा लावून ह्यांच्या मतांचा आकडा पाहत बसल्या. "तेत्सुओ, आकड्याला हे दशांशाचं शेपूट कसलं रे? मत काय अर्धंमुर्धं असतं?" हे कलिंगड कापत म्हणाले, "निवडून आला तोही तेत्सुओच ना. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव लिहिताना आडनाव गाळून कुणी नुसतं 'तेत्सुओ' लिहिलं, की ते मत दोघांत, ज्याच्या त्याच्या मतांच्या प्रमाणात, वाटून टाकतात." सासूबाईंचा चेहरा उतरला. "मी तेवढंच लिहिलं रे. पोटच्या पोराला आडनावानं कोण हाक मारतं?" ह्यांनी कलिंगडाची मधली फोड आईपुढे ठेवली. बिया वेचता वेचता सासूबाई एकदम थांबल्या. "अरे, त्याच्या आईनंही नुसतं तेत्सुओच लिहिलं असणार! म्हणजे तिच्या मतातलं थोडं तुला आलं. फोन लाव त्याला. म्हणावं, माझ्या आईनं तुझ्या आईला विचारलंय."