मागच्या काचेवर

"गाडी माही नाही," ललित पुन्हा म्हणाला.

हवालदारानं मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. स्क्रीनवर गाडीचा नंबर, खाली मालकाचं नाव. ललितचं. बापाच्या नावासकट, अकोल्याच्या पत्त्यासकट.

"मंग हे कोनाचं नाव हाये? माह्या सासऱ्याचं?"

ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली गाडी उभी होती. पांढरी, पंधरा वर्षं जुनी. समोरचा दिवा फुटून लोंबत होता, बंपर एका बाजूनं आत गेला होता. ललित बाकावरून उठला, बसला, पुन्हा उठला.

"साहेब, म्या थे एक्स्चेंजमध्ये देल्ली. दिवाळीत. शोरूमले. हे पाहा पावती."

"पावतीनं मालक बदलते का, भाऊ?"

बदलत नाही. हे ललितला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं, फक्त शोरूममध्ये कोणाला आठवत नाही. तिथं चहा पाजतात, पेढ्याचा डबा देतात, हातभर लांब पुठ्ठ्याची चावी धरायला लावून बायकोपोरांसकट फोटो काढतात. नव्या गाडीचा टॅक्स सगळा आधी वसूल करतात. आणि फोटोच्या आधी, त्याच टेबलावर, जुन्या गाडीच्या फॉर्मवर सह्या घेतात. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. 'पासिंग संपून राह्यलं तुमच्या गाडीचं. आधी थे रिन्यू करतो, पर्यावरण कर भरतो, मंग नाव पलटवतो. तुमी टेन्शन नका घेऊ.' ललितनं घेतलं नाही. आरटीओच्या लायनीत उभं राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

शोरूमनं पासिंग केलं नाही, कर भरला नाही. गाडी एका दलालाला दिली, दलालानं आणखी कोणाला. तो घेणारा मेळघाटात सवाऱ्या मारू लागला. पासिंग संपलेलं, विमा संपलेला. कोणी पकडू नये म्हणून नंबरप्लेटवर चिखल थापला. आणि काल चांदूर बाजारच्या रोडवर सायकलवाल्याला उडवून ड्रायव्हर पळाला. गाडी पुढच्या गावात टाकून दिली.

सायकलवाला म्हणजे कुर्बान, गाद्या भरणारा. तो अमरावतीला सरकारी दवाखान्यात होता. त्याची बायको गुलनार ठाण्याच्या पायरीवर बसली होती. कोपराला पट्टी. ती ललितकडेच पाहत होती.

ललित भिंतीच्या कडेला गेला आणि शोरूमला फोन लावला.

"अरे, पाय कापावा लागन म्हंतेत त्याचा! भरपाई कोनाच्या बोकांडी बसन? माह्या?"

"भाऊ, आवाज कमी करा," तिकडून तो फोटो काढणाराच बोलत होता. "तुमी बयान देऊ नका अजून. आमी मागची तारीख टाकून कागद बनवतो. दलालाच्या हाताखाली एक पोट्टा हाये, त्याच्या नावावर टाकून देतो."

"गाडी त्यानंच चालवली का?"

"त्याचं तुमाले काय करा लागते? टाकू का नको, तेवढं बोला."

ललितनं पायरीकडे पाहिलं. मग पाठ फिरवली.

"टाका. लवकर टाका."

फोन खिशात घालून तो वळला तर गुलनार समोर उभी.

"भाईसाब, गाडी तुमची हाये?"

"नाही बाई. इकली म्या."

"हवालदारसाहेब मने, नाव तुमचं हाये."

"कागदावर हाये. नुसतं कागदावर."

गुलनार ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मंग आकांक्षा कोन हाये?"

"कोन?"

"मागच्या काचेवर नाव हाये ना. मी सायकलवर मागं बसली होती. नालीत फेकल्या गेली. मान उचलून पाह्यलं त चिखलानं नंबर दिसेना. नाव दिसलं. लाल. मराठी शाळेत होती मी चौथीलोक, वाचता येते मले. तेच सांगतलं पोलिसाईले. त्याच्यावरूनच सापडली गाडी."

लाल रेडियम. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा ललितनं हौसेनं टाकून घेतलं होतं. गाडी देताना तीच म्हणाली होती, पप्पा, माहं नाव काढून घ्या ना. शोरूमचा माणूस हसला होता. राहू द्या, आमचे पोट्टे काढतीन.

"तुमची लेक हाये?" गुलनारनं विचारलं.

"नाही," ललित म्हणाला. "काय मालूम कोन हाये."

"ज्याची आसन त्याले सांगजा, भाईसाब. तिच्या नावानं आमची तक्रार तरी झाली. नाही त गरिबाले कोन पुसते?"

ती परत पायरीवर जाऊन बसली.

ललित आवारात एक चक्कर मारून आला. हवालदार आत गेला होता. ललित गाडीच्या मागं गेला. नाव जसंच्या तसं होतं, उन्हानं फिकट झालेलं, पण लांबून वाचता येईल असं. त्यानं अंगठ्याचं नख पहिल्या अक्षराखाली घातलं. रेडियम वाळून काचेला धरलं होतं. त्यानं जोर लावला. नख तुटलं. तरी तो खरवडत राहिला, घाईघाईनं, चोरासारखा इकडेतिकडे पाहत. एक लाल टवका निघाला.

"ओ भाऊ!" हवालदार दारातून ओरडला. "त्या नावाले हात नका लावू. मुद्देमाल हाये थे."